लांबलेलं दुखणं आणि आपलं मन

आज आपण अशा दुखण्याबद्दल बोलणार आहोत, जे येतं आणि मग जातच नाही. साखर, बीपी, संधिवात, दमा, थायरॉइड, सिकलसेल. तुमच्या गटात दहा-बारा जणी असतील, तर त्यातल्या दोघी-तिघींच्या पिशवीत यापैकी कशाच्या तरी गोळ्या निघतीलच.

ताप आला, पाय मोडला, पोटाचं ऑपरेशन झालं, तर घरात सगळ्यांना कळतं काय करायचं ते. सून भाकरी करते, नवरा दवाखान्यात नेतो, शेजारीण डबा घेऊन येते. पंधरा दिवसांनी बाई उठते, कामाला लागते. पण संधिवाताच्या बाईचं काय? तिला पंधरा दिवस सगळे विचारतात. महिन्यानं विचारणारे कमी होतात. वर्षानं तिचं दुखणं घरातल्या जुन्या कपाटासारखं होऊन जातं, तिथंच असतं पण कुणाचं लक्ष जात नाही. त्यातून हे दुखणं बाहेरून दिसतही नाही. 'दिसायला तर धडधाकट आहे, कामाच्या वेळीच बरं दुखतं' हे वाक्य किती जणींनी ऐकलंय, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

मग शहाणी माणसं सल्ला देतात: 'मन खंबीर ठेव, चांगला विचार कर, आजार पळून जाईल.' मोबाईलवर तर रोज सकाळी फुलांच्या चित्रावर हेच लिहून येतं. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण या सल्ल्याच्या पोटात एक काटा आहे. आजार पळून गेला नाही, तर त्याचा अर्थ काय? तुझंच मन कच्चं. म्हणजे आधी दुखणं, वर त्याचा दोषही बाईच्याच डोक्यावर.

हा प्रश्न नीट तपासून पाहिला गेलाय. अमेरिकेत डोकं आणि मान या भागातल्या कर्करोगाच्या 1,093 रुग्णांची पाहणी 2007 साली प्रसिद्ध झाली. माणसाची मनःस्थिती चांगली होती की वाईट, आणि तो किती दिवस जगला, याचा काही मेळ बसतो का, असा प्रश्न होता. मेळ बसला नाही. आनंदी राहणारे जास्त जगले नाहीत आणि खचलेले लवकर गेले नाहीत. तेव्हा कुणी आजारी बाईला 'तू मनानं हरलीस म्हणून आजार वाढला' असं म्हणालं, तर गटातल्या बाकीच्यांनी तिथल्या तिथं तोंड बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग मनाचा उपयोगच नाही का? आहे, आणि भरपूर आहे. मनानं आजार जात नाही. आजार असताना दिवस कसा जातो, ते मात्र पुष्कळसं मनावर आणि आपल्या वागण्यावर असतं. मानसशास्त्रात याची एक वेगळी शाखाच आहे. मार्टिन सेलिग्मन हे 1998 साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांनी म्हटलं की आपण इतकी वर्षं माणसाचं काय बिघडतं तेवढंच शिकत आलो, माणसाचं काय चांगलं चालतं तेही शिकू या. त्याला सकारात्मक मानसशास्त्र म्हणतात. नाव मोठं आहे. पण त्यातलं आपल्या कामाचं जे आहे, ते आपल्याला गटाच्या बैठकीत करता येण्यासारखं आहे.

सगळ्यात कामाची गोष्ट मला वाटते ती स्टॅनफर्ड विद्यापीठातली. केट लोरिग नावाच्या परिचारिका तिथं संशोधन करत होत्या. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी आणि डॉक्टर हॉल्स्टेड होलमन यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी एक वर्ग सुरू केला. त्याची रचना ऐका, तुम्हाला ओळखीची वाटेल. दहा-पंधरा माणसं, आठवड्यातून एकदा, दोन-अडीच तास, सहा आठवडे. गावातल्याच एखाद्या हॉलमध्ये किंवा चर्चमध्ये. शिकवणारे डॉक्टर नाहीत. ज्यांना स्वतःला संधिवात आहे अशीच साधी माणसं, थोडं प्रशिक्षण घेतलेली. आपल्या बचत गटाचीच बहीण म्हणा ना.

वर्गात व्यायाम शिकवायचे, विश्रांती कशी घ्यायची ते सांगायचे, डॉक्टरशी कसं बोलायचं ते सांगायचे. लोकांचं दुखणं कमी व्हायला लागलं. लोरिगबाईंना वाटलं, व्यायामामुळेच होत असणार. म्हणून त्यांनी मोजून पाहिलं. तर गंमत अशी की व्यायाम कुणी किती वाढवला आणि दुखणं कुणाचं किती कमी झालं, याचा फारसा मेळच लागेना. 1989 साली त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केलं. मग ज्यांना बरं वाटलं त्यांना विचारलं, ज्यांना वाटलं नाही त्यांनाही विचारलं. फरक निघाला तो एका गोष्टीत. बरं वाटणाऱ्यांना वाटू लागलं होतं की या दुखण्यावर माझाही थोडा हात चालतो. ज्यांना फरक पडला नव्हता, त्यांना वाटत होतं की आपल्या हातात काहीच नाही.

त्याच विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा नावाचे मानसशास्त्रज्ञ याच 'मला जमेल' या भावनेचा अभ्यास करत होते. ही भावना भाषणं ऐकून फारशी येत नाही. ती दोन वाटांनी येते. एक म्हणजे स्वतः एखादी छोटी गोष्ट करून दाखवणं. दुसरी म्हणजे आपल्यासारख्याच, आपल्याइतक्याच अडचणीतल्या बाईला ती करताना पाहणं. टीव्हीवरच्या नटीनं योगासनं केली, तर आपण म्हणतो, तिचं बरंय बाई. पण वरच्या आळीतली, गुडघे दुखणारी, दोन म्हशी सांभाळणारी बाई खुर्चीत बसून पायाचे व्यायाम करते, तर मात्र आपण टक लावून बघतो.

त्या वर्गातल्या लोकांचं पुढं काय झालं, तेही पाहिलं गेलं. चार वर्षांनंतरचे आकडे 1993 साली छापून आले. वेदना सरासरी 20 टक्क्यांनी कमी, डॉक्टरकडच्या फेऱ्या 40 टक्क्यांनी कमी. आणि त्याच चार वर्षांत त्यांचं शारीरिक अपंगत्व 9 टक्क्यांनी वाढलं होतं. हा शेवटचा आकडा मी मुद्दाम सांगतेय, कारण तो कुणी सांगत नाही. आजार आपल्या चालीनं पुढं गेला. सांधे आणखी बिघडले. तरीही माणसांना कमी दुखत होतं आणि त्यांचा दिवस जास्त बरा जात होता. शरीराची रेघ खाली जाताना जगण्याची रेघ वर जाऊ शकते, हे या आकड्यांत दिसतं.

आता त्या वर्गातली एक रीत सांगते. ती तुम्ही पुढच्या बैठकीत करून पाहू शकता, हप्ते गोळा करून झाले की दहा मिनिटं पुरतात.

प्रत्येक जण येत्या आठवड्यासाठी एक लहान बेत सांगते. बेत तिनं स्वतः निवडायचा. डॉक्टरनं सांगितलेला नाही, सासूनं सांगितलेला नाही, गटाच्या अध्यक्षांनी तर नाहीच नाही. 'मी आता तब्येतीकडे लक्ष देणार' हा बेत नव्हे, तो संकल्प झाला, आणि संकल्पाचं काय होतं ते गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात आपण दरवर्षी बघतो. बेतात चार गोष्टी हव्यात. काय करणार, किती, कधी, आठवड्यातून किती दिवस. 'मी सोमवार, बुधवार, शुक्रवार, दिवेलागणीच्या आधी मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाऊन येणार.' हा झाला बेत. दिवसही तीनच, सातही दिवस नाहीत. कारण एखाद्या दिवशी पाहुणे येणार, एखाद्या दिवशी अंग धरणार.

मग तिला विचारायचं, हे जमेल याची खात्री किती? त्या वर्गात शून्य ते दहा असे गुण देतात आणि सातच्या खाली उत्तर आलं तर बेत बदलतात. आपण आण्यांत विचारू. रुपयात किती आणे खात्री? बारा आणे म्हणाली, तर चालेल. आठ आणे म्हणाली, तर बेत मोठा आहे. मग तिला समजावत बसायचं नाही, 'अगं जमेल गं' असं रेटायचं नाही. बेत लहान करायचा. देवळापर्यंत नको, कोपऱ्यावरच्या चक्कीपर्यंत जा. तीन दिवस नको, दोन दिवस. बारा आण्यांवर येईपर्यंत कमी करायचा. कारण आपल्याला चालणं मोजायचं नाहीये. 'ठरवलं आणि केलं' हा अनुभव तिच्या पदरात पडायला हवा. वर्षानुवर्षं जिच्या शरीरानं तिचा शब्द पाळलेला नाही, तिच्यासाठी तो छोटा अनुभवही फार मोलाचा असतो.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं सांगायचं, झालं की नाही. नाही झालं, तर टोमणा नाही. 'कशानं अडलं?' एवढंच विचारायचं, आणि बाकीच्यांनी तोडगे सुचवायचे. आपल्या बायका तोडग्यांच्या बाबतीत हुशार असतात. विळ्याच्या मुठीला जाड चिंधी गुंडाळली की दुखऱ्या बोटांना पकड सोपी जाते. भाजी निवडायला उकिडवं बसण्याऐवजी स्टुलावर बसायचं. सकाळी सांधे आखडलेले असतात, तेव्हा भांडी लगेच गार पाण्यात घासायला घेऊ नयेत, आधी हात कोमट पाण्यात थोडा वेळ धरावेत. ही शिकवण डॉक्टरच्या तोंडून येते, तशीच शेजारणीच्या तोंडूनही येते, आणि शेजारणीची जास्त ऐकली जाते.

आता ताकदीच्या हिशोबाकडे वळू. ल्यूपस नावाचा एक आजार आहे. त्यात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते. हा आजार असलेल्या क्रिस्टीन मिसेरँडिनो या अमेरिकन बाईंना मैत्रिणीनं विचारलं, आजारी असणं म्हणजे नेमकं कसं वाटतं? त्या हॉटेलात जेवत होत्या. त्यांनी टेबलांवरचे चमचे गोळा केले, बारा चमचे मैत्रिणीच्या हातात दिले आणि म्हणाल्या, ही तुझी आजची ताकद, आता दिवस सांग. उठणं, आंघोळ, कपडे, प्रत्येक कामाला एक-एक चमचा काढून घेतला. मैत्रीण अजून कामाला पोचलीही नव्हती, तर निम्मे चमचे गेले. 2003 साली त्यांनी हे लिहिलं, आणि आज जगभर आजारी माणसं 'आज माझे चमचे संपले' असं म्हणतात.

आपल्याला चमच्यांची गरज नाही. आपल्याकडे हंडे आहेत. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, तिथल्या बाईला हिशोब शिकवायला लागत नाही. सहा हंडे मिळाले, तर दोन पिण्याचे, एक स्वयंपाकाचा, एक जनावरांचा, उरलेल्या दोनात आंघोळी आणि भांडी. गोधड्या त्या आठवड्यात धुवायच्या नाहीत. हाच हिशोब ताकदीला लावायचा. पण आपण करतो काय? एखादा दिवस चांगला उजाडला, सांधे जरा मोकळे वाटले, की गोधड्या काढतो, घर सारवतो, वर्षाचं तिखट कुटायला घेतो, पापडही लाटून टाकतो. 'आज बरं वाटतंय, उरकून घेते.' आणि मग तीन दिवस अंथरूण. अंथरुणातून उठलं की साठलेलं काम बघून जीव जातो, पुन्हा एक चांगला दिवस आला की पुन्हा तेच. एका दिवसात सगळे हंडे ओतून टाकल्यासारखं झालं हे.

यावर व्यायामोपचार करणारे सांगतात तो उपाय साधा आहे, पण आपल्या वळणाच्या अगदी उलटा आहे. दमल्यावर थांबायचं नाही, दमण्याआधी थांबायचं. चांगल्या दिवशी वाटतं त्याहून थोडं कमी करायचं. वाईट दिवशी, अगदीच पडून राहण्याऐवजी, झेपेल तेवढं थोडं हलायचं. वीस भाकरी थापायच्या असतील तर दहावर उठून हात मोकळे करायचे. जड काम सकाळीच उरकायचं ही रीत संधिवाताला मानवत नाही, कारण सकाळीच सांधे सगळ्यात आखडलेले असतात. त्याला दुपारचा मुहूर्त द्यावा. घरात बोलणी बसतील, हे मला माहीत आहे. म्हणून हंड्यांचा हिशोब एकदा घरच्यांनाही सांगा. 'मला बरं नाही' हे रोज ऐकून माणसं बधिर होतात. 'आज माझ्याकडे तीनच हंडे आहेत' हे लहान नातवालासुद्धा कळतं.

कृतज्ञतेबद्दल थोडं बोलते, पण जपून बोलते. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकक्लो या दोन संशोधकांनी 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका भागात स्नायू आणि नसांचे आजार असलेली 65 माणसं होती, त्यांत पुष्कळांना पोलिओनंतरचा त्रास होता. काहींना 21 दिवस रोज लिहायला सांगितलं की आज कशाबद्दल बरं वाटलं, कुणाचे आभार मानावेसे वाटले. आजार होता तिथंच होता. पण लिहिणाऱ्यांना झोप जास्त लागली, उठल्यावर ताजं वाटलं, आणि त्यांच्या जोडीदारांनाही त्यांच्यातला फरक जाणवला.

यात मला एक भीती वाटते. आपल्या बायकांना जन्मभर 'आहे त्यात समाधान मान' असं सांगितलं जातं. औषधाला पैसे मिळत नाहीत, त्यात समाधान मान. दिवसभर राबून कुणी हात लावत नाही, त्यात समाधान मान. ही कृतज्ञता नव्हे, हा गप्प बसवण्याचा प्रकार आहे. सेलिग्मन यांनी सुचवलेल्या रीतीत म्हणून एक जोड आहे. रात्री दिवसातल्या तीन बऱ्या गोष्टी आठवायच्या, आणि प्रत्येक गोष्ट कशामुळे घडली तेही आठवायचं. समजा, आज शेजारणीनं पाण्याचा हंडा आणून दिला. कशामुळे? मी तिला सकाळी सांगितलं की आज मनगट धरलंय. म्हणजे मागितलं तर मिळतं, हे लक्षात आलं. उद्या पुन्हा मागायला जीभ रेटते. लिहिता येत नसेल, तर नातीला सांगा, ती लिहील. नाहीतर नुसतं आठवा.

घरच्यांच्या मायेचाही एक उलटा परिणाम होतो. 'आई, तू काही करू नको, तू फक्त बसून राहा.' 1976 साली एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात पाहणी केली. एका मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना सांगितलं, तुमच्या खोलीचं तुम्ही ठरवा, हे रोपटं घ्या, त्याला पाणी तुम्ही घालायचं. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपटं दिलं, पण सांगितलं, पाणी परिचारिका घालतील, तुम्ही काळजी करू नका. तीन आठवड्यांनी पाहिलं, तर पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत, जास्त आनंदी होती. म्हणून गटातली एखादी आजारी झाली की तिला पदावरून मोकळं करण्याची घाई करू नका. तिला बँकेत चालत जाणं जमत नसेल, तर हिशोबाची वही तिच्या घरी द्या. बैठक तिच्या ओसरीवर घ्या.

गोळ्यांबद्दल एकच सांगते. बीपी किंवा साखरेची गोळी सुरू आहे आणि बरं वाटतंय, म्हणून ती स्वतःहून बंद करायची नाही. बरं वाटतंय ते त्या गोळीमुळे. वर सांगितलेलं सगळं गोळीच्या जोडीला करायचं, गोळीच्या ऐवजी नव्हे. गोळीचा त्रास होत असेल, तर डॉक्टरला तसं सांगा, ते बदलून देतात.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यात हयगय चालत नाही. लांबलेल्या आजाराबरोबर उदासीनतेचा आजार पुष्कळदा येतो. साखर असलेल्यांत तो इतरांपेक्षा साधारण दुप्पट आढळतो. वाईट वाटणं वेगळं आणि हा आजार वेगळा. दोन आठवड्यांहून जास्त, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास आहे, आवडीच्या गोष्टीतही रस उरलेला नाही, झोप किंवा भूक पार बदलली आहे, आपण घरावर ओझं झालो असं वाटतंय, मरण बरं असे विचार येतात, अशी कुणी असेल तर तिला तीन बऱ्या गोष्टी आठवायला सांगू नका. तिला उपचार हवेत, आणि ते मिळतात. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात. सरकारची टेली मानस ही फोनसेवा 2022 पासून सुरू आहे. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही. ती बाई स्वतः फोन करायला धजत नसेल, तर तिच्याजवळ बसून तुम्ही लावून द्या, आणि बोलणं सुरू झालं की हवं तर अंगणात जाऊन बसा. मरणाचे विचार येत असतील, तर मात्र तिला एकटीला सोडू नका.

नंबर पुन्हा सांगते, गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. 14416. एक, चार, चार, एक, सहा.